कायदा आहे, वेपही आहे. मोहल्ला कुठे आहे?

भारतात ई-सिगारेट विकणं हा गुन्हा आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेचा कायदा आला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी. अमुक वयाच्या पुढे चालेल किंवा परवाना घेऊन विकता येईल, अशी फट या कायद्यात ठेवलेली नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवायला जागा दिली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि तरीही, मित्रांनो, वेप कुठे मिळतं असं मी तुमच्यापैकी कुणालाही विचारलं, तर अर्ध्या मिनिटात उत्तर येईल. कुणी कोपऱ्यावरच्या टपरीचं नाव घेईल, कुणी मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं, कुणी इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या अकाउंटचं. कागदावरची कडक बंदी आणि गल्लीतली सहज विक्री यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिथे आपली मुलं उभी आहेत. हा अग्रलेख त्या जागेबद्दल आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. वेपमध्ये एक बॅटरी असते, एक तापणारी तार असते आणि एक द्रव असतो. तो द्रव तापला की त्याचे बारीक कण हवेत मिसळतात आणि ते ओढले जातात. ‘ही नुसती पाण्याची वाफ आहे’ हे वाक्य मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटिन असतं, आणि आजकालच्या वेपमध्ये ते क्षाराच्या स्वरूपात घातलेलं असतं, म्हणजे जास्त प्रमाणात ओढलं तरी घशाला टोचत नाही. सिगारेटचा पहिला झुरका ठसका आणतो. शरीर आपल्या परीने नको म्हणतं. वेपने तो नकारच काढून टाकला आहे. वर आंबा, कलिंगड, पुदिना, ब्लूबेरी अशा चवी. आकार पेन ड्राइव्हसारखा किंवा हायलायटरसारखा. कपड्यांना वास येत नाही, बोटं पिवळी पडत नाहीत. ही रचना पाहिली की गिऱ्हाईक म्हणून कुणाला डोळ्यांसमोर ठेवलं आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. जगातली बहुतेक वेप चीनमध्ये तयार होतात. त्याच चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात फळांच्या आणि इतर चवींच्या वेपची विक्री बंद केली, फक्त तंबाखूची चव ठेवली. निर्यात मात्र चालूच आहे. स्वतःच्या मुलांना जे द्यायचं नाही, ते आपल्या मुलांसाठी जहाजात भरलं जातं.

बेकायदा मालाचा आणखी एक धोका आहे, तो म्हणजे आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासात बोट मुख्यतः गांजातील घटक असलेल्या द्रवात मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाकडे गेलं, आणि तो माल बहुतेक मित्रांकडून, विक्रेत्यांच्या अनौपचारिक साखळीतून आलेला होता. आपल्याकडे विकलं जाणारं प्रत्येक वेप अशाच अनौपचारिक साखळीतून येतं. पाकिटावर लिहिलेलं निकोटिनचं प्रमाण खरं आहे की खोटं, हे तपासणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, कारण कायद्याच्या लेखी ती वस्तू बाजारात असायलाच नको.

अशा वेळी मोहल्ल्यात साधारण दोन प्रकारचे आवाज उठतात. पहिला आवाज गप्प बसण्याचा. ‘आपल्या वस्तीचं नाव आधीच खराब आहे, उगाच बोभाटा कशाला?’ ही भीती खोटी नाही. मुंब्रा असो, भिवंडी असो की मालेगाव, एखादी धाड पडली की बातमीत वस्तुस्थिती कमी आणि वस्तीचं नाव जास्त येतं. तेच वेप पुण्या-मुंबईच्या उच्चभ्रू भागातही विकलं जातं, पण तिथल्या मुलांना कुणी नशेखोर म्हणत नाही. पण गप्प राहण्याने बदनामी टळत नाही, फक्त पुढे ढकलली जाते, आणि मधल्या काळात विक्रेता निर्धास्त होतो.

दुसरा आवाज याच्या अगदी उलट. चार पोरं टपरीवर जातात, मोबाइल काढतात, टपरीवाल्याला दमात घेतात आणि व्हिडिओ व्हायरल करतात. दोन दिवस वाहवा होते. तिसऱ्या दिवशी टपरी पुन्हा सुरू होते, आता माल समोर न ठेवता मागे ठेवला जातो. मधल्या मधे एका गरीब माणसाची बायको-मुलं शेजाऱ्यांसमोर अपमानित होतात. जमावाने कायदा हातात घेतला की काय होतं, हे या देशात आपल्याइतकं कुणी भोगलेलं नाही. ज्या पद्धतीविरुद्ध आपण बोलतो, ती पद्धत कारण चांगलं आहे म्हणून आपणच वापरायची, हे मला मान्य नाही. बहिष्कारालाही माझा असाच विरोध आहे.

मग तिसरा रस्ता कोणता? दुकानदार, शाळा, पालक, तरुण आणि पोलीस यांनी एका टेबलाभोवती बसण्याचा. ऐकायला हे मवाळ वाटतं. प्रत्यक्षात ते सगळ्यांत कठीण आहे, कारण यात प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं.

टपरीवाल्यापासून सुरुवात करते. या विषयावर ज्या ज्या टपरीवाल्यांशी मी बोलले, त्यांच्यापैकी एकाचं वाक्य मनात राहिलं: “आपा, मैं नहीं रखूँगा तो बाजूवाला रखेगा.” त्याच्या या वाक्यात मला लबाडीपेक्षा हिशेब जास्त दिसला. पानाच्या विड्यावर आणि सिगारेटच्या पाकिटावर सुटतात ते थोडे पैसे. एका वेपवर सुटतात ते दिवसभराच्या कमाईशी बरोबरी करणारे. माल घरपोच देणारा पुरवठादार वेगळा आणि ‘काही होणार नाही’ म्हणून हप्ता घेणारा वेगळा. या साखळीत टपरीवाला सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत आधी पकडला जाणारा माणूस आहे. एकट्याने नकार देणं त्याला परवडत नाही. पण एका रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी एकाच दिवशी मिळून नकार दिला, तर त्याचं ‘बाजूवाला रखेगा’ हे कारणच उरत नाही. भागीदारीचा खरा अर्थ हा आहे.

ब्रिटनमध्ये हे काम कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. तिथला कायदा आपल्यापेक्षा वेगळा. प्रौढांना वेप विकत घेता येतं. पण १८ वर्षांखालच्या मुलाला विकणं इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून गुन्हा आहे. द्रवात निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको, असे नियम आहेत, आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची वेपही तिथे बंद झाली. तरीही बेकायदा माल येतोच. म्हणून स्थानिक नगरपालिकांचं ट्रेडिंग स्टँडर्ड्स हे खातं पोलीस, शाळा आणि दुकानदार यांना सोबत घेऊन काम करतं. दुकानदाराला आधी प्रशिक्षण दिलं जातं. समोरचा माणूस २५ वर्षांपेक्षा लहान दिसला तर ओळखपत्र मागायचंच, असा शिरस्ता अनेक दुकानांनी स्वतःहून पाळला आहे. वय १८ आणि शंका २५ ला, म्हणजे चूक व्हायला जागा कमी. मग खात्याच्या देखरेखीखाली तपासणी-खरेदी होते. आणि जो ऐकतच नाही, त्याचं दुकान न्यायालयाच्या आदेशाने तीन महिन्यांपर्यंत बंद करता येतं. तिथली कोपऱ्यावरची दुकानं चालवणाऱ्यांत दक्षिण आशियातून गेलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. म्हणजे ही शिस्त ‘गोऱ्यांनाच जमते’ असं नाही. मात्र तपासणी-खरेदी हा प्रकार कुणीही इथे स्वतःच्या जोरावर करू नये. अल्पवयीन मुलाला टपरीवर पाठवून सापळा लावणं हे मुलासाठी धोक्याचं आहे. तो अधिकार यंत्रणेचा आहे, आपला नाही. आपण घ्यायचं ते एवढंच, की आधी समजावणं, मग सोबत घेणं, मग तपासणं आणि शेवटी शिक्षा. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. आधी धाड पडते, आणि पुढे काहीच होत नाही.

पण प्रेरणेसाठी लंडनला जायची गरज नाही. भिवंडी आपल्या जवळ आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागाचं शहर दोनदा होरपळलं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान, वीणकर आणि व्यापारी पोलिसांसोबत नियमित बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या गोष्टीत एक बारकावा आहे. विश्वास दंगलीच्या दिवशी तयार झाला नव्हता. तो आधीच्या साध्या दिवसांत, लहानसहान तक्रारींवर एकत्र बसून तयार झाला होता. मला वाटतं, शाळेजवळची वेपविक्री हा आज असाच एक विषय आहे. तो कुठल्या धर्माचा नाही आणि कुठल्या पक्षाचाही नाही. माल ठेवणारा सलीम असेल किंवा सुरेश, ओढणारी मुलं दोघांच्याही घरची आहेत. म्हणून ही कमिटी फक्त आपल्या जमातीची असू नये. ज्या रस्त्यावर शाळा आहे, त्या रस्त्यावरचे सगळे तिच्यात असावेत.

या कमिटीने करायचं काय? मी सुचवते ती कामं साधी आहेत आणि प्रत्येकाच्या मागे आधीच कायदा उभा आहे.

पहिलं काम मोजमापाचं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. हे अंतर शाळेच्या गेटपासून नाही, तर आवाराच्या बाहेरच्या हद्दीपासून चहूबाजूंनी मोजायचं असतं. तसा फलक लावणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि तंबाखूमुक्त शाळांच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या हद्दीवर पिवळी रेघ मारायची असते. आपल्या भागातल्या शाळेबाहेर ती रेघ आहे का, एवढं पाहून या. उर्दू शाळा, मराठी शाळा, ज्युनिअर कॉलेज, सगळीकडे पाहा. नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. टेप, रंग आणि एक रविवार, याहून जास्त खर्च नाही.

दुसरं काम दुकानदारांशी बोलण्याचं. एक पानाचं घोषणापत्र तयार करा, मराठीत आणि उर्दूत. त्यात पाच गोष्टी असाव्यात. वेप ठेवणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणार नाही, आणि शंका आली तर वयाचा पुरावा मागेन. गुटखा ठेवणार नाही, कारण महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे. सुटी सिगारेट-बिडी विकणार नाही, कारण सप्टेंबर २०२० पासून राज्यात तीही बंद आहे, आणि मुलांची सुरुवात सुट्या सिगारेटीनेच होते. आणि चॉकलेट-बिस्किटांच्या बरण्या तंबाखूच्या पुड्यांपासून वेगळ्या ठेवेन. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं की तंबाखू विकणाऱ्यांना पालिकेचा परवाना सक्तीचा करावा आणि त्या दुकानांत मुलांच्या खाऊची विक्री नको. जो दुकानदार सही करेल, त्याच्या दुकानावर एक पाटी लावा, त्याचं नाव शाळेच्या पालकसभेत सन्मानाने घ्या आणि गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडेच जा. जबाबदारीने विकणाऱ्याचा गल्ला रिकामा राहिला, तर आपली सगळी भाषणं फुकट आहेत.

तिसरं काम पोलिसांशी व्यवहाराचं. वेपच्या कायद्यात झडती आणि जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. म्हणून तोंडी कुरबुर नको, लेखी तक्रार द्या, तिच्यावर पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. सोबत आया असाव्यात, शिक्षक असावेत, शेजारचे हिंदू दुकानदार असावेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या कायद्याच्या उल्लंघनाची तक्रार ऑनलाइन करण्याची सोयही केली आहे. विक्री इन्स्टाग्रामवरून होत असेल तर तो मार्ग वापरा. तक्रारीत आग्रह एकाच गोष्टीचा धरा: टपरीवरचे दोन नग जप्त करून फाईल बंद करू नका, माल कुठून आला ते शोधा. आणि हप्त्याचा प्रश्न विचारायला लाजू नका. भागीदारीत प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले जातात.

इथे कायद्याचा एक विचित्र विरोधाभास सांगितला पाहिजे. शाळेजवळ किंवा अल्पवयीनाला तंबाखू विकल्याबद्दल २००३ च्या कायद्यात दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत. तोच प्रकार बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली नेला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकीकडे चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढा दंड आणि दुसरीकडे सात वर्षं. पहिल्याने कुणी घाबरत नाही, आणि दुसरा इतका जड आहे की वापरताना हात अडखळतो. या दोन टोकांमध्ये परवाना तात्पुरता रद्द होणं, दुकान काही दिवस बंद राहणं, अशा मधल्या पायऱ्या हव्यात. पालिकेचा परवाना असेल तरच तो रद्द करता येतो. म्हणून तंबाखू विक्रीसाठी परवाना ही मागणी आपल्या नगरसेवकांकडे आपणच नेली पाहिजे.

आता मुलांबद्दल. २०१९ च्या वेपबंदी कायद्याचा रोख विकणाऱ्यावर, आणणाऱ्यावर आणि साठा करणाऱ्यावर आहे. स्वतः ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं कलम त्यात नाही. कायदा ज्या मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, त्याला शाळेने आणि घराने का म्हणावं? दप्तरात वेप सापडलं म्हणून नाव काढून टाकलेला मुलगा सरळ त्याच टपरीवर जाऊन बसतो. मुलीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी गंभीर होते. वेपला वास नाही, लपवायला सोपं, त्यामुळे मुलीही त्याच्याकडे वळताहेत, हे आपण मान्य केलं पाहिजे. पण मुलाकडे सापडलं तर दोन थपडा, आणि मुलीकडे सापडलं तर तिचं कॉलेजच बंद, मोबाइल बंद आणि सहा महिन्यांत लग्न, असा न्याय आपल्या घरांत आजही होतो. फातिमाबी शेख आणि सावित्रीबाईंचं नाव घेणाऱ्या समाजात वेप हे मुलीचं शिक्षण तोडण्याचं नवं निमित्त होता कामा नये. कमिटीत बसणाऱ्या प्रत्येक शाळेकडून हे लेखी घ्या: वेप सापडलं तर समुपदेशन होईल, नाव काढलं जाणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. निकोटिनची सवय हा आजार आहे, तो मदतीने बरा होतो.

आणि शेवटी आम्हा मोठ्यांबद्दल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. म्हणजे चारांत एकाहून जास्त. घरात अब्बा तळहातावर तंबाखू मळतात, दादी सकाळी मिश्री लावते, मामूच्या खिशात मावा असतो. मग पोरगा विचारतो, ‘तुमचं चालतं, माझंच का नाही?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तर्काचा आहे. बिडी-सिगारेट कायदेशीर आणि वेप बेकायदा, ही विसंगती सरकारने सोडवायची तेव्हा सोडवावी. घरातली विसंगती मात्र आपल्याला सोडवता येते. जो बाप ‘चल, मीही सोडतो’ म्हणू शकतो, त्याचं मूल ऐकण्याची शक्यता जास्त.

बंदीने काळाबाजार वाढतो, असा युक्तिवाद काही अभ्यासू मित्र करतात. गुटख्याचा अनुभव पाहिला तर त्यात तथ्य आहे. पण त्यातून बंदी उठवा हा निष्कर्ष मी काढत नाही. मी एवढाच काढते की मंत्रालयातून निघालेला आदेश गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबतो, आणि तिथून पुढे त्याला चालवायला माणसं लागतात. ती माणसं आपण आहोत. महिन्यातून एक बैठक, एक वही आणि सही केलेल्या दुकानांची यादी. पहिल्या बैठकीला पाचच जण आले तरी चालतील, फक्त त्यांच्यातला एक टपरीवाला असू द्या.